वाळू, वखर आणि दहा पोती डीएपी

मंडळी, आधी कबुलीजबाब देऊन टाकतो. वाळूच्या खड्ड्यातून एक पांढरा चेंडू बाहेर काढायला मला अकरा फटके लागले. आणि मोजणारा मी एकटा नव्हतो, ही खरी पंचाईत.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. ऑफिसची गोल्फ टूर्नामेंट होती. माझ्या गटात आमचे व्हीपी, क्लायंटकडचे एक डायरेक्टर, मार्केटिंगचा एक पोरगा आणि अस्मादिक. आठ होलपर्यंत इज्जत शाबूत होती. नवव्या होलवर माझा चेंडू ग्रीनच्या उजवीकडच्या बंकरमध्ये जाऊन बसला. पहिल्या फटक्यात नुसती वाळू उडाली, चेंडूने कूसही बदलली नाही. दुसऱ्या फटक्यात चेंडू काठावर आपटून परत माझ्या पायाशी आला, पाळलेल्या मांजरासारखा. तिसरा, चौथा.. असो. सातवा फटका चेंडूच्या थेट टाळक्यात बसला आणि चेंडू ग्रीनवरून सुसाट जाऊन पलीकडच्या बंकरमध्ये पडला. तिथे आणखी चार.

मार्केटिंगवाला हसला असता तर बरं वाटलं असतं. पण सगळे फार समजूतदारपणे झाडांकडे बघत होते.

तुम्ही म्हणाल, हा बुलढाणा जिल्ह्यातला, देऊळगाव राजा तालुक्यातला कोरडवाहू प्राणी, याला गोल्फ कशाला हवा? रास्त प्रश्न आहे. ऑनसाइटला असताना मॅनेजर एका शनिवारी ड्रायव्हिंग रेंजवर घेऊन गेला. पन्नासातला एक चेंडू कधीतरी असा काही लागतो की हातांना धक्काही जाणवत नाही. तो एक चेंडू माणसाला बरबाद करतो. पुण्यात परत आल्यावर एका सहकाऱ्याकडून जुना सेट घेतला आणि रविवार सकाळी बरबाद व्हायला लागलो. तसं पुण्याला गोल्फ नवा नाही. येरवड्याचा पूना गोल्फ क्लब १८८५ सालचा. अनिर्बन लाहिरीचा जन्म पुण्यातला, आणि पुण्याचाच उदयन माने २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळून आला. पण ही सगळी माहिती बंकरमध्ये उभं असताना काहीही कामाला येत नाही.

त्या अकरा फटक्यांनंतर मी दोन गोष्टी केल्या. एक, नवाकोरा सँड वेज घेतला. (सॉफ्टवेअरवाल्यांचा जुना रोग. बग आपल्या कोडमध्ये असला तरी आधी नवा लॅपटॉप मागायचा.) दुसरी, एका कोचकडे तीन तास घालवले. कोचने पहिलंच वाक्य असं टाकलं की मी गारच पडलो.

"चेंडूला मारायचंच नाही. वाळूला मारायचं."

गोल्फमधल्या बाकी सगळ्या फटक्यांत वेजचं किंवा क्लबचं पातं चेंडूला लागतं. ग्रीनशेजारच्या बंकरमधला नेहमीचा फटका मात्र वेगळा. यात पातं चेंडूच्या साधारण दोन इंच मागे वाळूत शिरतं, चेंडूखालून सरकतं आणि पुढे बाहेर पडतं. चेंडूला धक्का मिळतो तो वाळूचा. वाळूची एक चकती उडते आणि तिच्यावर बसून चेंडूही उडतो.

हे जमावं म्हणून वेजचा तळ मुद्दाम फुगीर असतो. पात्याची पुढची धार थोडी वर आणि मागची कड खाली. या कोनाला बाउन्स म्हणतात. सँड वेजला तो साधारण दहा ते चौदा अंशांचा असतो. बाउन्स नसेल तर धार कुदळीसारखी वाळूत रुतून बसते. असेल तर पातं होडीच्या तळासारखं वाळूतून सरकतं.

या फुगीर तळामागे एक सुरस कथा आहे. १९३० च्या सुमारास जीन सॅराझेन हा अमेरिकन खेळाडू विमान उडवायला शिकत होता. उड्डाणाच्या वेळी शेपूट खाली जातं आणि नाक वर उठतं, हे बघून त्याच्या डोक्यात दिवा पेटला. वाळूतही पातं असंच वर उठायला हवं! त्याने आपल्या निब्लिकच्या मागच्या बाजूला शिसं वितळवून डाग दिला, घासला, पुन्हा दिला. तो वेज घेऊन १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकला. आज प्रत्येक बॅगेत जो सँड वेज असतो, तो त्या डागडुजीचा नातू.

सगळं समजलं. वहीत आकृत्या काढल्या. आणि पुढच्या रविवारी बंकरमध्ये उभा राहून पुन्हा पाच फटके घालवले. डोक्याला कळलेलं हाताला कळत नव्हतं. शिवाय बंकरमध्ये चाचपणीही करता येत नाही. फटक्याआधी वाळूला वेज टेकवला किंवा सरावाच्या फटक्यात वाळू लागली की दोन फटक्यांचा दंड. २०१० च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये डस्टिन जॉन्सनने शेवटच्या होलवर वाळूत क्लब टेकवला. तो बंकर आहे हेच त्याच्या लक्षात आलं नव्हतं. दोन फटके वाढले आणि प्लेऑफ हुकला. तो डस्टिन जॉन्सन. आपण कोण?

मला पाहिजे होती भरपूर वाळू, आणि बघायला कोणी नको होतं.

अक्षय्य तृतीयेला गावी जायचंच होतं. पुण्याहून अहिल्यानगर, संभाजीनगर, जालना आणि मग आमचा तालुका. जालना सोडल्यावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमचं गाव खडकपूर्णेच्या काठावर. वर धरण, संत चोखासागर. खाली उन्हाळ्यात नदीचं पात्र म्हणजे कोरडी ठणठणीत वाळू. मी इथेच लहानाचा मोठा झालो आणि पुण्यात वाळू शोधत फिरतोय! सेव्ह बॅलेस्टेरोस आठवला. स्पेनमधल्या पेड्रेन्याच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तीन नंबरच्या आयर्नने तो पोरगा खेळायला शिकला आणि पुढे पाच मेजर जिंकला. माझं ध्येय माफक होतं. एका फटक्यात बाहेर, बस्स.

अडचण एकच होती. बाबांना गोल्फबद्दल काहीही सांगितलेलं नव्हतं.

का, ते सांगतो. आमचं सात एकर, कोरडवाहू. सोयाबीन, कपाशी, मधे तुरीची ओळ. २००८ साली माझी इंजिनिअरिंगची फी भरायला बाबांनी बैलजोडी विकली. त्यानंतर वखरणी-पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने. बाबा त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. आणि म्हणूनच, खेळायच्या काठ्यांवर मी किती पैसे घालतो हे त्यांना सांगायची माझी छाती नव्हती. फोनवर "रविवारी काय केलं?" विचारलं की मी "आराम" म्हणायचो.

पण डिक्कीतून आईसाठी आणलेले आंबे काढायला बाबाच पुढे झाले.

"हे कायचं हाय?"

"खेळायचं. ऑफिसात असतं तसं."

त्यांनी नेमका नवा वेज ओढून काढला. उलटा केला, तळावरून अंगठा फिरवला, हातात तोलून बघितला. शेतकरी कुठलंही लोखंड असंच बघतो.

"केवढ्याले पडली?"

"बाराशे," मी म्हणालो. इतक्या झटकन, की मलाच आश्चर्य वाटलं.

"हं," बाबा म्हणाले आणि वेज परत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी वेज आणि वीसेक जुने चेंडू घेऊन नदीवर गेलो. पात्रात जागोजागी माणूस उभा मावेल एवढे खड्डे. वाळू उपसून नेलेल्यांचे. त्यातला एक उथळ खड्डा, पुढे कमरेएवढा काठ, मी बंकर म्हणून मुक्रर केला. दहा मिनिटांत चार पोरं गोळा झाली. "काका, विटी कुठाय?" एकाने विचारलं. पंधरा मिनिटांनी कंटाळून निघून गेली, कारण बघण्यासारखं काही घडतच नव्हतं. चेंडू एक तर जागेवर, नाहीतर थेट बोरीच्या झुडपात.

आणि मागून आवाज आला, "तू भेतोस."

बाबा! हातात लोटा, खांद्यावर गमछा. किती वेळ बघत होते कोण जाणे.

"हात वर घेतोस तवा जोरात घेतोस. खाली आणतानी मधीच हात आखडतोस. भेलेल्या माणसाचं काम हाय ते."

गोल्फ या माणसाने आयुष्यात पाहिलेला नाही. आणि कोचने व्हिडिओ स्लो करून मला हेच दाखवलं होतं. चेंडू लांब जाईल या भीतीने मी ऐन वाळूपाशी वेग काढून घेत होतो. वाळू जड असते. वेग गेला की पातं तिथेच अडतं.

बाबा खाली उतरले. वेज हातात घेतला, तळ बघितला. "ही पासच हाय की. वखराची."

शहरातल्या मंडळींसाठी: वखर म्हणजे आमच्याकडे पेरणीआधी जमीन मोकळी करायचं औजार. मागे धरायला रुमणं आणि खाली आडवं लोखंडी पातं, त्याला पास म्हणतात. बैल ओढतात आणि पास मातीखालून सरकत जाते.

"पास उभी झाली की घुसते अन् रुतते. बैलाच्या मानेवर येते. लय पाडली की वरच्यावर घसरते, मातीच कापत नाही. बेताची पाडली की सरकते, आपल्या मनानं. रुमणं फक्त धरायचं असते. दाबून कुठं चालते का काळ्या मातीत?"

बाउन्स! दुसरं काय! सॅराझेनला विमानात दिसलं ते आमच्या गोठ्यात आढ्याला टांगलेलं होतं. मी वहीत काढलेल्या सगळ्या आकृत्या हा माणूस वीसेक वर्षं पायाखाली तुडवत बैलांमागे चालला होता. (आता तो वखर आढ्याला का आहे, ते तुम्हाला माहीतच आहे. मलाही.)

मग रीतसर काम सुरू झालं. बाबा काठावर बसले आणि मी एका वेळी एकच व्हेरिएबल बदलायचा, हा धंद्यातला नियम लावला.

आधी चेंडू बाजूला ठेवले. तुरीच्या काडीने वाळूत एक लांब सरळ रेघ मारली. उद्देश एकच, वाळू उडायला सुरुवात रेघेवर झाली पाहिजे. वीस फटके. पहिल्या दहात माझे खड्डे कुठेही होते, कधी रेघेच्या वीतभर मागे, कधी पुढे. बाबा प्रत्येक खड्ड्याकडे बोट दाखवून "मागं", "मागं", "पुढं" असं सांगत होते. याहून चांगलं लॉगिंग मला आजवर कुठल्या सिस्टिममध्ये मिळालेलं नाही. अशी रेघ मारून सराव नदीतच करा हं, स्पर्धेत केलात तर दंड आहे.

मग वजन. मी मागच्या पायावर रेलून चेंडू वर उचलायला बघायचो, म्हणून पातं फार मागे आपटायचं. वजन डाव्या पायावर ठेवलं (मी उजवा आहे) आणि शेवटपर्यंत तिथेच राहू दिलं. खड्डे रेघेवर यायला लागले.

मग पातं उघडणं. पातं आकाशाकडे थोडं उघडलं की बाउन्स वाढतो. माझी चूक अशी होती की आधी मूठ आवळायची आणि मग मनगटं फिरवून पातं उघडायचं. फटक्याच्या वेळी मनगटं जागेवर परत येतात आणि पातं बंद. आधी पातं उघडा, मग मूठ धरा. एवढंसं, पण सगळा फरक त्यात आहे. पातं उघडलं की चेंडू उजवीकडे निघतो, म्हणून पावलं आणि खांदे थोडे डावीकडे वळवायचे. पाय वाळूत जरा घुसळून रोवायचे, आणि जितके खाली गेलो तितका वेज आखूड धरायचा.

मग चेंडू. डाव्या टाचेच्या रेषेत ठेवला आणि नजर चेंडूवर न ठेवता त्याच्या दोन इंच मागच्या वाळूवर ठेवली. निघालेली चकती साधारण शंभराच्या नोटेएवढी आणि भाकरीएवढी जाड हवी. फटका गवतावरून तेवढ्याच अंतरासाठी लागतो त्याच्या दोन-अडीचपट मोठा, आणि पुरा. हात पुढे खांद्यापर्यंत गेलेच पाहिजेत.

"आता भेऊ नको," काठावरून सूचना आली.

भ्यालो नाही. 'थप्' असा एक मऊ आवाज झाला, वाळूचा पंखा उघडला आणि चेंडू त्यातून आळसावल्यासारखा वर आला, काठ ओलांडून दहा पावलांवर पडला आणि थांबला. हाताला काहीच जाणवलं नाही.

बाबा उठून बघून आले. "गेला," म्हणाले.

मग काय विचारता! ऊन डोक्यावर येईपर्यंत मारत बसलो. पुढे धारेजवळची ओली, घट्ट वाळू गाठली. तिथे उघडं पातं आपटून उडतं आणि थेट चेंडूच्या टाळक्यात बसतं, म्हणून तिथे पातं जवळजवळ सरळ ठेवायचं हे कळलं. चेंडू अर्धा रुतलेला असेल तर पातं बंद करून चक्क कुदळीसारखं खाली घालायचं, हेही करून बघितलं. म्हणजे 'पास उभी' करायची, मुद्दाम रुतवायची. चेंडू निघतो, पण पडल्यावर लांब घरंगळतो.

निघताना सवयीने मी पायाने खड्डे सारखे करायला लागलो.

"हे कायले?"

"नियम आहे. आपण खेळलो की वाळू सारखी करून जायची. मागून येणाऱ्याला त्रास नको. तिथे दाताळं ठेवलेलं असतं."

बाबांनी एकदा त्या माणूसभर खड्ड्यांकडे बघितलं. गेल्या पावसाळ्यात त्यातल्याच एकात गावातलं एक वासरू गेलं होतं. "बरा हाय मग खेळ," ते म्हणाले आणि माझ्याबरोबर पायाने वाळू ओढायला लागले.

त्या वाक्यानंतर मला बाराशे रुपये पचेनात. गावाची वेस येईपर्यंत गप्प राहिलो. मग म्हणालो, "बाबा, ती काठी बाराशेची नाही. साडेतेरा हजारांची आहे. बाकीचा जुना सेट वेगळा."

बाबा चालत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. हिशेब चालला होता आणि मला तो पाठ होता. डीएपीचं पोतं साडेतेराशे.

"दहा पोते डीएपी," ते म्हणाले.

"हो."

मी वाट बघत होतो. बैलांचं काहीतरी बोलतील, निदान सुस्कारा तरी टाकतील. बाबा थांबले, माझ्या हातातून वेज घेतला आणि पातं डोळ्यांजवळ नेलं. वाळूने त्यावर बारीक ओरखडे पडले होते.

"दहा पोत्याची वस्तू," ते म्हणाले, "अन् तू तिले सकाळपासून वाळूत घासून राह्यला?"

मला हसू आवरेना. मग त्यांनाही. घरी पोचल्यावर त्यांनी गमछा ओला करून पातं पुसलं, तेलाचं बोट फिरवलं आणि वेज देवघराशेजारच्या कोपऱ्यात उभा केला. विळे-कोयते तिथे कधी ठेवत नाहीत.

नंतर लक्षात आलं की दोन्ही बाबतींत माझी चूक एकच होती. सुरुवात जोरात करायची आणि ऐनवेळी हात आखडायचा.

आता तुम्हाला निकाल पाहिजे असणार. परवाच्या रविवारी तीनदा बंकरमध्ये गेलो. दोनदा पहिल्याच फटक्यात बाहेर. तिसऱ्यांदा दोन लागले, कारण पुन्हा भ्यालो. बाहेर येऊन लगेच एका पटमध्ये होल करणं वगैरे अजून स्वप्नात. पण ते जगातल्या अव्वल खेळाडूंनाही साधारण दोनातून एकदाच जमतं, हे वाचल्यापासून मी फार मनाला लावून घेत नाही. :-)

रात्री गावी फोन केला. बाबांनी नेहमीसारखं पावसाचं विचारलं, पेरणीचं सांगितलं. फोन ठेवता ठेवता म्हणाले,

"अन् ते तुहे दहा पोते काय म्हणते?"